फ्रीलान्सरच्या तासाचा खरा भाव

फ्रीलान्स काम करणाऱ्याला "दिवसाला किती तास बसतोस?" विचारलं की उत्तर लगेच येतं: दहा, बारा, कधी चौदा. "त्यातल्या किती तासांचे पैसे मिळतात?" विचारलं की तो जरा घुटमळतो. नोकरदाराला हा प्रश्न पडत नाही. मीटिंगमधले, चहाचे, सर्व्हर बंद पडला म्हणून बसून काढलेले असे सगळेच तास त्याच्या पगारात धरलेले असतात. फ्रीलान्सरचे हे तास त्याने स्वतः धरले तरच धरले जातात, आणि बहुतेक जण ते धरत नाहीत. मग महिनाअखेरीस पैसे कमी का पडले याचं एकच कारण सुचतं, की आपण कमी काम केलं. पुढच्या महिन्यात तो आणखी उशिरापर्यंत जागतो.

मी उदाहरण इंग्रजी-मराठी अनुवादाचं घेते, कारण माझा धंदा तो आहे. डिझायनर, प्रोग्रॅमर, व्हिडिओ एडिटर यांनी आपापले आकडे घालून बघावेत, हिशेबाची रीत बदलत नाही.

समजा, एका संस्थेची आरोग्यविषयक पुस्तिका अनुवादाला आली. १०,००० शब्द, शब्दाला २ रुपये, म्हणजे २०,००० रुपये. अनुवादक मनातल्या मनात गणित करते: तासाला ३५० शब्द होतात, म्हणजे साधारण २९ तासांचं काम. तासाला ६९० रुपये पडले. वाईट नाही. ती होकार कळवते.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. मूळ मजकूर पीडीएफमध्ये आहे आणि तोही स्कॅन केलेला. त्यातून शब्द आणि तक्ते बाहेर काढण्यात ३ तास जातात. खर्डा झाला की मुळाशी ओळीनं ताडून पाहायला ७ तास. फोन, मेल, व्हॉट्सॲप मिळून ३ तास. संस्थेतल्या एका मॅडमना "रुग्ण" हवा, दुसऱ्या सरांना "पेशंट". हे त्यांचं आपसात ठरेपर्यंत दुरुस्त्यांच्या दोन जादा फेऱ्या होतात, त्याचे ५ तास. मांडणी करणाऱ्याकडे अजून युनिकोड नसलेला जुना फाँट आहे. रूपांतरात रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात, वेलांट्या सरकतात. ते प्रूफ वाचण्यात २ तास. बिल करणं, ते "अकाउंट्सला दिलंय" हे ऐकणं, पुन्हा आठवण करणं, मिळून १ तास. बेरीज ५० तास. २०,००० भागिले ५० म्हणजे तासाला ४०० रुपये.

६९० आणि ४०० यांमधला फरक कुणी लुबाडलेला नाही. तो दर सांगतानाच हिशेबातून सुटला होता. मार्केट यार्डातून मेथी आणणारी भाजीवाली जुडीचा भाव लावताना टेम्पोचं भाडं धरते आणि संध्याकाळी फेकावी लागणारी मेथीही धरते. शिकलेसवरलेले आपण फक्त विकलेल्या जुड्या मोजतो.

आता हेच वर्षाला लावू. ३६५ दिवसांतून शनिवार-रविवारचे १०४ गेले. सणावारांचे १५ धरा. आजारपण, लग्नकार्य, गावी जाणं यांचे २०. उरले २२६ दिवस. रोज ८ तास धरले तर १,८०८ तास. यातला एक तृतीयांश वेळ कुठल्याही एका कामाला चिकटलेला नसतो: नवं काम शोधणं, नमुने पाठवणं, हिशेब, विवरणपत्र, नवं सॉफ्टवेअर शिकणं. म्हणजे प्रत्यक्ष कामांना मिळतात साधारण १,२०० तास.

घरखर्चाला महिना ५०,००० लागतात, म्हणजे वर्षाला ६ लाख. इंटरनेट, लॅपटॉपचा घसारा, आरोग्य विमा, सीएची फी यांना १ लाख. फ्रीलान्सरचा पीएफ कुणी कापत नाही, म्हणून म्हातारपणासाठी आणखी १ लाख. एकूण ८ लाख भागिले १,२०० तास, म्हणजे तासाला ६६७ रुपये. (आयकर वेगळा. तो धरला की आकडा वरच जाईल.) हा तुमचा किमान भाव. तो बाजाराने ठरवलेला नाही, तुमच्या घराने ठरवलेला आहे. त्यामुळे तो ग्राहकाला सांगायचा नसतो, स्वतःला माहीत असावा लागतो.

भाव ४०० पडत असेल आणि ८ लाख हवेच असतील, तर कामाचे तास लागतील २,०००. काम शोधणं, हिशेब वगैरेंचे ६०० तास तसेच राहतात. २,६०० तास २२६ दिवसांत बसवायचे म्हणजे रोज साडेअकरा तास. "मी दिवसाला बारा तास काम करते" हे वाक्य येतं ते इथून. त्यात कष्टाळूपणाइतकाच हिशेबाच्या चुकीचाही वाटा असतो.

बरं, साडेअकरा तास बसलं तरी गणित जमतं का? जमत नाही, आणि याचा पुरावा शंभर वर्षांपूर्वीचा आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत कामगारांकडून, त्यांत मोठ्या संख्येने स्त्रिया होत्या, प्रचंड तास काम करून घेतलं जात होतं. त्यांच्या आरोग्याकडे बघायला १९१५ मध्ये सरकारने एक समिती नेमली आणि तिने तास व उत्पादन यांच्या बारीक नोंदी ठेवल्या. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कॅव्हेल यांनी अलीकडे त्या नोंदी पुन्हा तपासल्या. आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होतं. त्यापुढे प्रत्येक जादा तास कमी कमी देऊ लागला. ७० तासांच्या आठवड्यातलं उत्पादन ५६ तासांच्या आठवड्यापेक्षा फारसं जास्त नव्हतं. वरचे १४ तास जवळजवळ फुकट गेले. रविवारची सुट्टी नसेल तर आठवड्याचं उत्पादन घटतं, हेही त्याच आकड्यांतून दिसलं.

रविवारचा विषय निघालाच आहे तर एक आठवण. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी मालकांनी आपणहून दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांना संघटित करून ती मागणी लावून धरली, तेव्हा १० जून १८९० रोजी ती मान्य झाली. फ्रीलान्सरची पंचाईत अशी की मालकही तोच आणि गिरणी कामगारही तोच. रविवार मागायचा कुणाकडे?

"तोफगोळे आणि अनुवाद यांत फरक आहे," असं कुणी म्हणेल. आहेच. सदोष तोफगोळा तपासणीत सापडतो. दमलेल्या अनुवादकाची चूक तीन आठवड्यांनी, छापून झाल्यावर सापडते. रात्री साडेअकराला एक बिलियनचे शंभर कोटी करायचे सोडून दहा कोटी होतात, औषधाच्या मात्रेतला दशांश चिन्हाचा ठिपका एक घर सरकतो. आणि दमलेल्या माणसाला आपण दमलोय हे नीट कळतही नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात काही जणांना सलग दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलं. शेवटी त्यांची एकाग्रता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी घसरली होती, तरी त्यांना स्वतःला मात्र फार झोप येतेय असं वाटत नव्हतं. "मला सवय आहे" म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा. शरीराचा हिशेब तर आणखी सरळ आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो.

म्हणून तास वाढवण्याआधी ते ५० तास उघडून बघायचे. अनुवादाचे २९ आणि ताडून पाहण्याचे ७ सोडले तर उरलेले १४ कुठे गेले हे वर आलंच आहे, आणि त्यातले बरेचसे काम घेण्यापूर्वीच्या एका मेलने वाचतात. असा काहीसा मेल:

"नमस्कार सर, पुस्तिकेचा अनुवाद करायला आवडेल. मजकूर वर्डमध्ये द्यावा. पीडीएफमधून काढावा लागल्यास त्याचे वेगळे पैसे होतील. दरात दुरुस्तीची एक फेरी धरली आहे. सर्वांच्या सूचना एकत्र करून एकाच फाइलमध्ये पाठवाव्यात. पहिली पाच पानं आधी पाठवते, त्यात 'रुग्ण' की 'पेशंट' अशा शब्दांबद्दल आपली पसंती कळवावी, म्हणजे पुढे सगळीकडे तसंच ठेवता येईल."

असा मेल लिहायला आपल्याकडे संकोच वाटतो. काम हातचं जाईल अशी भीती असते. माझा अनुभव उलटा आहे: ज्याला काम खरंच करून घ्यायचं असतं त्याला असा मेल आवडतो, कारण त्याच्याही फेऱ्या वाचतात. "आधी करा तर खरं, मग बघू" म्हणणाऱ्याकडे पुढे काय होणार याची ती पूर्वसूचनाच समजावी. सगळ्यात महत्त्वाचं वाक्य एकत्रित सूचनांचं. दुरुस्तीचे तास चुकांमुळे कमी आणि ग्राहकाकडे शेवटचा शब्द कुणाचा हे न ठरल्यामुळे जास्त जातात.

व्हॉट्सॲपचे ३ तास दिसतात तेवढेच नसतात. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्या कामापाशीच रेंगाळतो आणि दुसरं काम त्यामुळे वाईट होतं. "झालं का?" या दोन शब्दांना "उद्या देते" असं उत्तर द्यायला दहा सेकंद लागतात, पण वाक्याची जी जुळणी डोक्यात होत आली होती ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. मी ग्राहकांना सांगून टाकलं आहे की निरोप सकाळी कामाआधी आणि दुपारी जेवणानंतर बघते, तातडीचं असेल तर फोन करा. फोन क्वचितच येतो. पंचवीस मिनिटांचा गजर लावून काम करायची टोमॅटोच्या नावाची पद्धत, रंगीत कॅलेंडरं, वेळ मोजणारी ॲपं यांनी ज्यांना मदत होते त्यांनी जरूर वापरावीत. फक्त ॲप निवडण्यात सकाळ घालवू नये.

उरले अनुवादाचे २९ तास. तेही कमी होतात, पण बोटं वेगाने चालवून नाही. एकाच संस्थेची कामं वारंवार येत असतील तर वाक्यंच्या वाक्यं परत येतात: "अधिक माहितीसाठी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी संपर्क साधा" हे वाक्य किती वेळा अनुवादायचं? ट्रान्सलेशन मेमरी म्हणजे मूळ वाक्य आणि आपण केलेला त्याचा अनुवाद यांच्या जोड्या साठवून ठेवणारी आणि तसंच वाक्य पुन्हा आलं की समोर ठेवणारी सोय. ओमेगाटीसारखं मोफत सॉफ्टवेअर हे करतं. जोडीला ग्राहकागणिक शब्दसूची ठेवायची. पहिल्या कामाला यात वेळ जातो, तिसऱ्या-चौथ्या कामापासून तो परत मिळू लागतो. हे प्रत्येक धंद्यात असतं. डिझायनरचे साचे, प्रोग्रॅमरचे पुन्हा वापरता येणारे तुकडे, सीएची ठरलेली यादी हे त्यातलंच. मशीनने केलेल्या अनुवादाबद्दल थोडक्यात: तक्ते आणि साचेबंद सूचना यांना तो कामाचा खर्डा देतो. लांब, वळणदार वाक्यांत मात्र तो दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने लिहिणं लवकर होतं. शिवाय ग्राहकाचा गोपनीय मजकूर कुठल्याही मोफत साइटवर टाकायचा नाही.

समजा, या सगळ्याने अनुवादाचे ५ तास वाचले आणि १४ चे ५ झाले. एकूण २४ अधिक ७ अधिक ५, म्हणजे ३६ तास. त्याच २०,००० रुपयांत तासाचा भाव ४०० वरून ५५६ वर गेला. दर एका पैशाने वाढवलेला नाही. तरीही ६६७ ला तो कमीच आहे, आणि हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. कार्यक्षमतेने सगळं सुटत नाही, उरलेलं दराने सुटतं. शब्दाला २ रुपये ४० पैसे घेतले की २४,००० भागिले ३६, बरोबर ६६७. ग्राहकाला ४० पैसे वाढवून मागणं आणि रोज साडेअकरा तास बसणं, यांत अवघड काय हे ज्याचं त्याने ठरवावं. मला पहिलं सोपं वाटतं.

इथे एक खाचखळगा आहे. तुम्ही ताशी दराने बिल लावत असाल तर वर सांगितलेली प्रत्येक सुधारणा तुमचंच उत्पन्न कापते. ५० तासांचं काम ३६ तासांत केलं की १४ तासांचे पैसे गेले. पट्टीचा माणूस लवकर काम उरकतो आणि कमी कमावतो; रेंगाळणारा जास्त. म्हणून जिथे कामाची व्याप्ती आधी सांगता येते तिथे शब्दावर, पानावर किंवा अख्ख्या कामावर दर ठरवावा, म्हणजे वाचलेला वेळ तुमचा राहतो. ताशी दर राखून ठेवावा तो व्याप्ती सांगताच येत नाही अशा कामांना: सल्ला, बैठकीला हजर राहणं, कुणीतरी अर्धवट टाकलेलं काम निस्तरणं.

पैसे हातात येईपर्यंत तासाचा भाव कागदावरच असतो. व्यावसायिक फीमधून अनेकदा १० टक्के टीडीएस कापून येतो. तो बुडत नाही, पण विवरणपत्र भरून हिशेब होईपर्यंत अडकतो. उशिरा पैसे देणाऱ्यांबाबत मात्र आपल्या हातात एक कायदा आहे आणि फार थोडे फ्रीलान्सर तो वापरतात. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी कराराच्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. सेवा देणारा एकटा माणूसही 'उद्यम' पोर्टलवर आधारवरून मोफत नोंदणी करू शकतो. नोंदणी काम घेण्याआधीच करावी, कारण नंतर केलेली नोंदणी जुन्या बिलांना लागू करताना वाद उपस्थित होतात. २०२३ च्या अर्थसंकल्पात आयकर कायद्यातही बदल झाला: या मुदतीत पैसे दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच तो धरला जातो. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की अकाउंट्स विभाग, विशेषतः मार्चमध्ये, ते बिल वरच्या गठ्ठ्यात ठेवतो.

एवढं सांगूनही एक गोष्ट राहते, आणि ती बहुतेक सल्ल्यांत गाळली जाते. "रोज चार तास अखंड काम करा" हे सांगणाऱ्याच्या घरची बेल वाजली की दार बहुधा दुसरं कुणीतरी उघडत असतं. घरून काम करणाऱ्या बाईला "घरीच असतेस ना" या वाक्यात अख्खा दिवस वाटून टाकावा लागतो: सिलिंडर, कुरिअर, सासूबाईंची औषधं, शाळेची रिक्षा. तिचे बारा तास हे खरं तर पाच तासांच्या कामाचे बारा तुकडे असतात. तिला वेळेच्या नियोजनाची पुस्तकं देण्यापेक्षा दीड तास दार बंद ठेवायची मुभा दिली तर जास्त उपयोग होईल. हे घरात बोलून ठरवावं लागतं आणि तासाचा आकडा इथेही कामी येतो. "मला जरा शांतता हवी" यापेक्षा "या दीड तासाचे हजार रुपये होतात" हे वाक्य घरात लवकर समजतं, असं मी पाहिलं आहे.

आणि ज्यांच्याकडे अजून काम यायचंच आहे त्यांना यातलं बरंचसं आत्ता लागू नाही. पहिल्या वर्षी कमी दरात, जास्त तास घालून काम शिकणं यात काही गैर नाही. तेव्हाही तास टिपून मात्र ठेवावेत, म्हणजे ते वर्ष कधी संपलं हे कळेल.

सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये गमतीने लिहिलं होतं की उपलब्ध वेळ भरून निघेल इतकं काम फुगत जातं. वाचलेल्या तासांचं तेच होतं: ते काही दिवसांत कुठल्यातरी स्वस्त, घाईच्या कामाने भरून जातात आणि वर्षअखेर हिशेब पुन्हा ४०० वर येतो. म्हणून तास वाचायच्या आधीच त्यांची जागा ठरवावी. माझ्यापुरतं, निम्मे तास नवे आणि चांगला दर देणारे ग्राहक शोधायला, उरलेले निम्मे कशालाच नाही.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर पुढच्या तीन कामांपासून. वहीत किंवा एक्सेलमध्ये चार रकाने करा: मूळ काम, तपासणी, निरोप आणि दुरुस्त्या, वसुली. पंधरा मिनिटांच्या अंदाजाने टिपलं तरी चालेल. काम संपून पैसे खात्यात आले की भागाकार करा आणि आकडा त्या ग्राहकाच्या नावापुढे लिहा. बहुतेकांना यादीच्या तळाशी तोच ग्राहक सापडतो ज्याच्यासाठी ते सगळ्यात जास्त जागलेले असतात. पुढचा मेल त्याला करायचा, नव्या दराचा. तो "परवडत नाही" म्हणाला तर त्याच्यावर जाणारे तास मोकळे होतात.